टक्का कशाचा? दुकानातल्या कमिशनबद्दल वाचकांचे प्रश्न

फिक्स पगारावर कमिशन किंवा इन्सेंटिव्ह घेऊन दुकानात विक्रीचं काम करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. बोललेला आकडा आणि हातात पडलेला आकडा जुळत नाही, ही तक्रार बहुतेक पत्रांत आहे. टक्का किती, हे प्रत्येकाने कामाला लागताना विचारून घेतलेलं दिसतं. तो टक्का कशावर काढणार, कोणत्या तारखेला मोजणार आणि माल परत आला तर काय करणार, हे मात्र फार थोड्यांनी विचारलेलं आहे. सगळा घोळ तिथेच होतो.

प्रश्न : कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूममध्ये काम करतो. १ टक्का कमिशन ठरलं होतं. गेल्या महिन्यात माझ्या कोडवर, म्हणजे बिलावर पडणाऱ्या माझ्या विक्रेता नंबरवर, ९ लाख ४४ हजारांची बिलं झाली. म्हणजे ९,४४० रुपये यायला हवेत, आले ५,६००. विचारलं तर "नेट सेलवर असतं" एवढंच सांगतात. नेट सेलमध्ये नेमकं काय काय वजा होतं?

उत्तर : तुमच्या शोरूमचं कमिशनचं पत्रक आमच्यासमोर नाही. पण अशा शोरूममध्ये सहसा ज्या वजावटी होतात, त्या तुमच्या आकड्यावर लावून दाखवतो. त्या क्रमाने तुमचा हिशोब मागून घ्या.

पहिली वजावट जीएसटीची. ती रास्त आहे, कारण कराचा पैसा दुकानाचा नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे टीव्ही आणि एसीसुद्धा १८ टक्क्यांत आले, त्यामुळे टीव्ही, एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन, मोबाइल सगळ्यांना एकच दर लागतो. बिलाच्या रकमेला १.१८ ने भागायचं : ९,४४,००० चे ८,००,००० होतात. इथे एक चूक सर्रास होते. हिशोब करणारा भागत नाही, बिलाच्या रकमेतून सरळ १८ टक्के कापतो. तसं केलं तर ७,७४,०८० उरतात आणि तुमची २५,९२० रुपयांची विक्री कागदावरून गायब होते. पाया चुकला की पुढचं सगळं चुकतं, म्हणून आधी हा आकडा तपासा.

दुसरी वजावट परत आलेल्या मालाची. समजा ५९,००० चा एक टीव्ही परत आला, तर ५०,००० वजा, उरले साडेसात लाख. हेही बरोबरच आहे. पण कंपनीच्या दोषामुळे टीव्ही बदलून दिला असेल, तर ती विक्री रद्द झालेली नाही. जुनं बिल उलटवून नवं बिल केलं गेलं असेल, तर नव्या बिलावर तुमचाच कोड आहे ना, ते पाहा. अशा वेळी बिल काउंटरवरच्या माणसाच्या नाहीतर मॅनेजरच्या कोडवर फाटतं आणि मूळ विक्रेत्याचं कमिशन जातं.

तिसरी वजावट वगळलेल्या मालाची. मोबाइलमध्ये दुकानाला सुटणारा पैसा कमी असतो, म्हणून बरीच शोरूम मोबाइलची विक्री १ टक्क्याच्या हिशोबात धरत नाहीत. त्यावर नगामागे ठरावीक रक्कम देतात किंवा ते कंपनीच्या इन्सेंटिव्हवर सोडून देतात. तुमच्या बिलांत करासोडून दीड लाखाचे मोबाइल असतील, तर उरले सहा लाख.

चौथी वजावट बिनव्याजी हप्त्यांची. गिऱ्हाईकाला हप्ता बिनव्याजी वाटतो, पण फायनान्स कंपनीचं व्याज माल बनवणारी कंपनी किंवा दुकानदार सोसत असतो. काही दुकानं आपण सोसलेला भाग विक्रेत्याच्या विक्रीतून कमी करतात. तो ४०,००० धरला की ५,६०,००० उरतात आणि त्यावर १ टक्का म्हणजे ५,६००.

आमच्या मते पहिल्या दोन वजावटींवर वाद घालण्यात अर्थ नाही. तिसरी आधी सांगितलेली असेल तरच योग्य. चौथी मात्र जरूर विचारा. हप्त्याची योजना दुकानाने बोर्डावर लावलेली असते, गिऱ्हाईकाला ती द्यायची की नाही हे विक्रेता ठरवत नाही. मग तिचा खर्च त्याच्या विक्रीतून का जावा? हे आधी लिहून दिलेलं नसेल, तर ती रक्कम मागायला तुम्हाला जागा आहे.

आणखी एक गोष्ट विचारून ठेवा : विक्री कोणत्या तारखेची धरतात, बिलाच्या, डिलिव्हरीच्या की पूर्ण पैसे जमा झाल्याच्या? मार्चच्या शेवटी बुक झालेला एसी एप्रिलमध्ये बसवला जातो. डिलिव्हरीवर मोजणाऱ्या दुकानात ती विक्री एप्रिलची होते आणि मार्चचं टार्गेट थोडक्यात हुकतं.

प्रश्न : सोलापुरात साडीच्या दुकानात आहे. ५ लाखांचं टार्गेट पूर्ण झालं तर सगळ्या विक्रीवर १ टक्का, नाही झालं तर शून्य. माझे ४ लाख ९२ हजार झाले, शेजारच्या काउंटरवरच्या मुलीचे ५ लाख ६ हजार. तिला ५,०६० मिळाले, मला काहीच नाही. हे असंच असतं का?

उत्तर : ताई, बऱ्याच दुकानांत असंच असतं, पण असंच असायला हवं असं नाही. स्लॅब, म्हणजे विक्रीच्या टप्प्याप्रमाणे बदलणारा दर, दोन तऱ्हांनी लावतात. एक पहिल्या रुपयापासून : टार्गेट ओलांडलं की वरचा दर सगळ्या विक्रीला लागतो. तुमच्याकडे हीच पद्धत आहे, आणि खालचा दर शून्य असल्यामुळे १४ हजारांच्या विक्रीने ५,०६० रुपयांचा फरक पडला. दुसरी तऱ्हा पायरीपायरीची : प्रत्येक टप्प्यातल्या विक्रीला त्या टप्प्याचाच दर. समजा पहिल्या ४ लाखांवर अर्धा टक्का, पुढच्या १ लाखावर १ टक्का आणि ५ लाखांच्या वर दीड टक्का ठेवला. मग तुम्हाला २,००० अधिक ९२०, म्हणजे २,९२० मिळाले असते. तिला २,००० अधिक १,००० अधिक ९०, म्हणजे ३,०९०. फरक १७० रुपयांचा. मालकाला दोघींचे मिळून सध्या ५,०६० द्यावे लागले, पायरीच्या पद्धतीत ६,०१० लागतील. साडेनऊशे रुपये जास्त गेले, पण दोघीही पुढच्या महिन्यात मन लावून उभ्या राहतील.

मालकाशी बोलताना दुकानाचं नुकसान दाखवून द्या, कारण या पद्धतीत ते होतंच. महिन्याच्या २७ तारखेला जिची विक्री सव्वाचार लाखांवर अडकली आहे, तिला कळून चुकतं की आता पाच लाख होत नाहीत. मग ती गिऱ्हाईकाला सांगते, "साडी बाजूला ठेवते, फॉल-पिको करून १ तारखेला देते," आणि बिल पुढच्या महिन्यात करते. त्यातली काही गिऱ्हाईकं परत येतच नाहीत. दुसरा प्रकार बिल फिरवण्याचा : दोघी ठरवून एकीच्याच कोडवर बिलं करतात, एकीचं टार्गेट पूर्ण करून कमिशन वाटून घेतात. महिनाअखेरीला बिलं आटली आणि १ तारखेला उसळली, की समजावं स्लॅबची रचना चुकली आहे.

एकदम सगळं बदलायला मालक तयार नसेल, तर ८० टक्के टार्गेटवर अर्ध्या दराचा एक टप्पा मागा. तेवढ्याने तुमच्यासारख्यांचा शून्य टळतो.

प्रश्न : कपड्यांच्या साखळी दुकानात स्टोअर मॅनेजर आहे. वरून २०२६-२७ ची मासिक टार्गेट आली आहेत : गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याची विक्री अधिक १५ टक्के. माझी माणसं म्हणतात हे जमणार नाही. वरच्यांना कसं पटवू?

उत्तर : पंचांग घेऊन बसा. तुमची माणसं बरोबर बोलत आहेत, निदान काही महिन्यांपुरतं तरी.

२०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्यात लग्नं होत नाहीत. २०२५ च्या मे महिन्यात शेवटपर्यंत चाललेली लग्नाची खरेदी २०२६ च्या मेच्या उत्तरार्धात गळणार. लग्नाच्या साड्या, शेरवानी, सूटिंग या काउंटरना गेल्या मेवर १५ टक्के चढवून देणं म्हणजे कमिशन बंद केल्यासारखंच आहे. त्याच महिन्यात जावयाला वाण द्यायची पद्धत असल्याने चांदीच्या दुकानात गर्दी होते. कपड्यांत तुम्हाला फार तर जावयाच्या आहेराचा थोडा हात मिळेल.

अधिक मासाचा दुसरा परिणाम सणांच्या तारखांवर होतो. एरवी सण दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतात, अधिक मास झाला की साधारण १९ दिवस पलीकडे जातात. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आणि धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला होती. दसऱ्याचा दिवस आणि दिवाळीची खरेदी दोन्ही ऑक्टोबरात पडली. २०२६ मध्ये सर्वपित्री अमावास्या १० ऑक्टोबरला, घटस्थापना ११ ला, दसरा २० ला आणि धनत्रयोदशी थेट ६ नोव्हेंबरला. म्हणजे ऑक्टोबरचे पहिले दहा दिवस पितृपक्षात जाणार आणि दिवाळीचा शेवटचा, सगळ्यात जोराचा आठवडा नोव्हेंबरात पडणार. गेल्या ऑक्टोबरवर १५ टक्के वाढवलं तर टार्गेट कुणाच्याच आवाक्यात राहणार नाही, आणि नोव्हेंबरात गेल्या वर्षीचा पडका आकडा धरल्यामुळे सगळ्यांचं टार्गेट पहिल्या पंधरवड्यातच पूर्ण होईल. दुकानाचे पैसेही जास्त जातील आणि माणसंही नाराज होतील, अशी ही रचना आहे.

वरच्यांना कागदावर असं द्या : दोन वर्षांची दिवसवार विक्री काढा, तारखेशी तारीख न जुळवता धनत्रयोदशीशी धनत्रयोदशी आणि घटस्थापनेशी घटस्थापना जुळवा, मग ते दिवस यंदाच्या महिन्यांत वाटा. तेही नको असेल तर सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मिळून एकच टार्गेट ठेवा आणि महिन्याला उचल द्या. उचल म्हणजे पुढच्या कमिशनपोटी आगाऊ रक्कम. तिमाहीचं कमिशन उचलीपेक्षा कमी निघालं, तर फरक परत घेणार की सोडून देणार, हे आधीच लिहून द्यावं लागेल.

रजेवर असलेल्या माणसाचं टार्गेट दिवसांच्या प्रमाणात कमी होतं का, हेही बघा. २६ दिवसांसाठी ५ लाख असतील, तर २० दिवस भरलेल्याला ३ लाख ८४ हजार ६१५. ज्या दुकानांत हे होत नाही, तिथे आजारी पडलेला माणूस उरलेल्या दिवसांत प्रयत्नच सोडून देतो.

प्रश्न : सराफी दुकानात लागणार आहे. सोन्याचा भाव एवढा वाढलाय, तर विक्रीच्या टक्क्यावर कमिशन मागावं का?

उत्तर : मागून पाहा, पण सहसा मिळणार नाही. सोन्याच्या किमतीत दुकानाचं सुटणं थोडं असतं. त्याची कमाई मुख्यतः घडणावळीत असते. म्हणून कमिशन वजनावर, म्हणजे ग्रॅममागे ठरावीक रुपये, किंवा घडणावळीच्या टक्क्यावर देतात. हिऱ्याच्या दागिन्यांना वेगळा, वरचा दर असतो. भाव चढला की गिऱ्हाईक तेवढ्याच पैशांत कमी ग्रॅम घेतं. १ लाखात पूर्वी १० ग्रॅम येत असेल आणि भाव २५ टक्क्यांनी वाढला, तर ८ ग्रॅम येतं, आणि ग्रॅमवर कमिशन घेणाऱ्याचा पाचवा हिस्सा कमी होतो. घडणावळ सोन्याच्या किमतीच्या टक्क्यात लावणाऱ्या दुकानात घडणावळीवरचा टक्का जास्त बरा. मोडीचं विचारायला विसरू नका : गिऱ्हाईकाने १२ ग्रॅमची जुनी मोड देऊन २० ग्रॅमचा हार घेतला, तर तुमच्या नावावर २० ग्रॅम लागणार की ८? मेहनत तर २० ग्रॅमचीच झालेली असते.

प्रश्न : माझं रेडीमेडचं दुकान आहे, सहा माणसं आहेत. विक्रीवर १ टक्का कमिशन सुरू केलं. विक्री वाढली, पण महिनाअखेरीला हातात पूर्वीपेक्षा कमी उरतंय. कुठे चुकतंय?

उत्तर : डिस्काउंट द्यायचा अधिकार माणसांकडे आहे का? असेल तर चूक तिथेच आहे. एक शर्ट घ्या. छापील किंमत करासोडून २,०००, तुमची खरेदी १,४००, सुटतात ६००. गिऱ्हाईकाने घासाघीस केली आणि तुमच्या माणसाने १० टक्के सोडले. शर्ट १,८०० ला गेला. तुमचे ६०० चे ४०० झाले. त्याचं कमिशन २० चं १८ झालं. तुम्ही २०० रुपये गमावले, त्याने २. सूट देऊन गिऱ्हाईक चटकन मोकळं करणं त्याच्या फायद्याचं आहे, आणि यात त्याची लबाडी काही नाही. तुम्ही आखलेल्या नियमाप्रमाणेच तो वागतोय.

उपाय दोन. सूट न देता विकलं तर दीड टक्का, ५ टक्क्यांपर्यंत सूट दिली तर १ टक्का, त्यापुढे अर्धा. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलागणिक सूट दिसत असते, तेव्हा हे मोजणं अवघड नाही. दुसरा उपाय कमिशन सुटणाऱ्या पैशावर देण्याचा. तो हिशोबाला चोख आहे, पण त्यासाठी खरेदीची किंमत माणसांना दाखवावी लागते आणि छोट्या दुकानदारांना ते नको असतं. आम्ही पहिला सुचवू.

पडून राहिलेल्या मालावर टक्का देऊ नका. त्यावर नगामागे रोख रक्कम ठेवा, समजा ३० किंवा ५० रुपये, आणि तो माल कोणता, याची यादी महिन्याच्या १ तारखेला भिंतीवर लावा. मधेच यादी बदलली की विश्वास उडतो.

प्रश्न : आमच्या काउंटरवर सहा जण. एक जण दाखवतो, दुसरा मापं घेतो, तिसरा बिल करतो. कोडवरून रोज भांडणं. सगळ्यांचं कमिशन एकत्र करावं का?

उत्तर : जिथे एका गिऱ्हाईकाला तिघांचे हात लागतात, तिथे एकत्रच करावं. महिन्याचे २४,००० जमले आणि सहा जणांची हजेरी २६, २६, २६, २५, २४, २३ अशी १५० दिवस भरली, तर दिवसाला १६० रुपये. २६ भरलेल्याला ४,१६०, २३ भरलेल्याला ३,६८०. जुन्या जाणत्याला दिवसाचा दीड वाटा आणि नव्याला पाऊण, असंही करतात. मग आधी वाट्यांची बेरीज काढायची आणि त्याने भागायचं. यातला धोका असा, की एखादा मागे उभा राहून दिवस काढतो आणि वाटा पूर्ण घेतो. त्यासाठी चार भाग सामाईक आणि एक भाग ज्याने गिऱ्हाईक सांभाळलं त्याच्या कोडवर, अशी विभागणी चालते.

प्रश्न : मी महिला कर्मचारी आहे. पगारातून व्यवसाय कर कापत नाहीत, पण दिवाळीच्या महिन्यात २०० रुपये कापले. चूक आहे का?

उत्तर : चूक नाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. पण ही मर्यादा महिन्याची आहे. कमिशन धरून त्या महिन्याची रक्कम २५,००० च्या वर गेली की २०० रुपये लागतात. पुढच्या महिन्यात पुन्हा खाली आलात की कापता कामा नये. ते मात्र तपासा, कारण सॉफ्टवेअरमध्ये एकदा केलेली नोंद तशीच राहून जाते.

प्रश्न : पगार १२,०००, कमिशन सरासरी १८,०००. पीएफ फक्त १२,००० वर कापतात. कमिशन कधीच धरत नाहीत का? आणि दिवाळीला इन्सेंटिव्ह दिला म्हणून बोनस देत नाहीत, ते बरोबर आहे का?

उत्तर : पूर्वी धरत नसत. आता तुमच्यासारख्यांच्या बाबतीत थोडा बदल आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता आणि सामाजिक सुरक्षा संहिता हे केंद्राचे नवे कामगार कायदे लागू झाले. दोन्हींत वेतनाच्या व्याख्येतून कमिशन नाव घेऊन वगळलेलं आहे, पण त्याला मर्यादा आहे : कमिशन, घरभाडे, प्रवासभत्ता असे वगळलेले भाग मिळून एकूण रकमेच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात धरायचा. तुमचे एकूण ३०,०००, निम्मे १५,०००. कमिशन १८,०००, म्हणजे ३,००० वर. ते मिळवून वेतन १५,००० होतं. त्यावर १२ टक्के म्हणजे १,८०० पीएफ, १२,००० वर १,४४० होतो. मालकाचा वाटाही त्याच प्रमाणात वाढतो. हातात येणारी रक्कम ३६० ने कमी होईल, पण जमा होणारी ७२० ने वाढेल.

फिक्स पगार एवढा कमी असेल, तर किमान वेतनही तपासून घ्या. महाराष्ट्रात "दुकाने व व्यापारी आस्थापना" या रोजगारासाठी परिमंडळानुसार आणि कौशल्यानुसार दर आहेत, आणि त्यावरचा विशेष भत्ता १ जानेवारीला आणि १ जुलैला बदलतो. विक्री शून्य झाली, तरी महिना भरलेल्या माणसाला किमान वेतन द्यावंच लागतं. "फक्त कमिशनवर काम" असं ठरवून त्यातून सुटका होत नाही.

बोनसचा प्रश्न वेगळा. कायद्याचा बोनस किमान ८.३३ टक्के असतो आणि तो विक्रीवर अवलंबून नसतो. विक्री केली म्हणून दिलेला इन्सेंटिव्ह त्यात वळता करता येत नाही. सणानिमित्त सगळ्यांना सरसकट दिलेली रक्कम असेल, तर ती बोनसपोटी धरता येते. तेव्हा दिवाळीला मिळालेल्या पैशांपुढे पगारपत्रकात काय लिहिलंय, ते आधी वाचा.

प्रश्न : स्टॉक मोजताना दोन जीन्स कमी भरल्या. सगळ्यांच्या कमिशनमधून ५०० रुपये कापले. असं करता येतं का?

उत्तर : पगारातून असं सरसकट कापता येत नाही. नुकसानीपोटी कापायचं, तर तो माल त्या माणसाच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेला असावा लागतो, नुकसान त्याच्याच हलगर्जीपणामुळे झालेलं असावं लागतं आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. दंड म्हणून कापायचं, तर महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. दुकानं कमिशनमधून कापतात त्याचं कारणही हेच : कमिशन या नियमांच्या कडेला पडतं. म्हणून "मालाच्या तुटीपोटी कमिशनमधून वजावट" अशी ओळ तुमच्या पत्रकात आहे का, हे बघा. नसेल तर लेखी विचारणा करा.

प्रश्न : मी एका मोबाइल कंपनीचा प्रमोटर म्हणून दुकानात उभा असतो. इन्सेंटिव्हवर २ टक्के टीडीएस कापला. परत मिळेल का?

उत्तर : २ टक्के कापले म्हणजे तुम्हाला नोकर न धरता कमिशन एजंट धरलं आहे, नोकराचं कमिशन पगारात मिळवून कर काढतात. वर्षाचं सगळं उत्पन्न मिळून कर लागत नसेल, तर विवरणपत्र भरलं की कापलेले पैसे परत येतात. भरण्याआधी आयकर खात्याच्या पोर्टलवर, करकपातीच्या विवरणात ती रक्कम तुमच्या पॅनवर दिसते ना, ते पाहून घ्या. आणि पगार एका एजन्सीकडून, इन्सेंटिव्ह दुसरीकडून असं असेल, तर तुमचा मालक कोण, हे नेमणूकपत्रात बघून ठेवा. पुढे काही थकलं तर मागणी त्याच्याकडे करावी लागते.

प्रश्न : १० जूनला नोकरी सोडली. पगार मिळाला. मेचं आणि जूनच्या दहा दिवसांचं कमिशन मागितलं, तर "वाटपाच्या दिवशी जो कामावर असेल त्यालाच मिळतं" म्हणाले. काय करू?

उत्तर : वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायचं असतं. पण वर सांगितल्याप्रमाणे कमिशन त्या वेतनात सरळ येत नाही. त्यामुळे तुमची बाजू नोकरीच्या अटींवर उभी राहील. "वाटपाच्या दिवशी कामावर असावं" ही अट नेमणूकपत्रात किंवा तुमच्या सहीच्या पत्रकात असेल, तर काम अवघड आहे. ती फक्त तोंडी असेल, तर सोडू नका. मेची विक्री मेमध्ये झाली, बिलं झाली, पैसे जमा झाले. आधीच्या महिन्यांच्या पगारपत्रकांत कमिशनची ओळ असेल, तर हा पैसा नेमाने मिळत होता याचा तोच पुरावा.

मालकाला एक पत्र लिहा. त्यात नेमणुकीची आणि सोडल्याची तारीख, ठरलेला दर, मेची आणि जूनची एकूण विक्री, आणि सोबत बिलांची यादी : बिल नंबर, तारीख, माल, रक्कम. गिऱ्हाईकाचं नाव आणि फोन नंबर त्यात घालू नका, दुकानाच्या सॉफ्टवेअरचे असे फोटोही काढू नका. उलट तुमच्यावरच आरोप येईल. रोजचे बिल नंबर स्वतःच्या वहीत टिपलेले असतील, तर तेवढे पुरतात. परत आलेल्या मालासाठी दुकान मुदत मागेल. ते मान्य करा, पण तारीख लिहून घ्या : परतीची मुदत १५ दिवस असेल, तर १० जूनच्या बिलांचा निकाल २५ जूनला लागतो, त्यानंतर थांबवून ठेवायला कारण उरत नाही.

पत्र स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने पाठवा आणि पंधरा दिवस वाट पाहा. उत्तर आलं नाही, तर पत्राची प्रत, नेमणूकपत्र, सहा महिन्यांची पगारपत्रकं आणि बँकेचा उतारा घेऊन जवळच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. संहितेखालच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, पण तेवढं थांबू नका. बिलिंगचं सॉफ्टवेअर बदलतं, मॅनेजर बदलतो, आणि मग तुमच्या कोडवरची विक्री शोधून द्यायला दुकानात कुणी उरत नाही.